सरकता उंबरठा : वैद्यकीय प्रवेशाच्या इतिहासाचे एक वाचन

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो आणि 'गुणवत्ता' हा शब्द पुन्हा एकदा चलनात येतो. शिकवणी वर्गांच्या पानभर जाहिराती झळकतात. पहिल्या क्रमांकांच्या मुलांना पेढे भरवतानाची छायाचित्रे छापून येतात. आणि त्याच आठवड्यात एखाद्या स्टाफरूममध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत ते जुने वाक्य कानावर येते : 'यांना कमी मार्कांवर डॉक्टर करता, मग पेशंटने काय करायचे?' हे वाक्य बोलणाऱ्याची एक पक्की समजूत असते. गुणवत्ता ही सोनाराच्या काट्यासारखी निःपक्ष वस्तू आहे, ती पूर्वापार आहे तशीच आहे आणि आरक्षणाने मागाहून येऊन तिच्यात भेसळ केली, अशी ती समजूत. तिची तपासणी इतिहासाच्या आधारे करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाचा उंबरठा या देशात कधीच एका जागी स्थिर नव्हता. तो कधी विटाळाचा होता, कधी इंग्रजीचा, कधी मुलाखतीचा, कधी पैशाचा, आणि आज तो शिकवणी वर्गाचा आहे. एक उंबरठा ओलांडण्याइतके बळ आपल्या पायांत आले की दुसरा उभा झालेला असतो. गुणवत्तेचे माप कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीने ठरवले, हे विचारल्याशिवाय त्या मापाने कोणालाही मोजण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

१

या इतिहासाची सुरुवात प्रेतापासून करावी लागते. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ साली निघाले. पाश्चात्त्य वैद्यक शिकायचे तर शवविच्छेदन टळत नाही, आणि प्रेताला हात लावणे हा तर सवर्ण हिंदूंच्या लेखी विटाळ. १८३६ साली मधुसूदन गुप्त या पंडिताने तो विटाळ ओलांडून शवविच्छेदन केले. आधुनिक भारतीय वैद्यकाच्या इतिहासात ही घटना क्रांतिकारक म्हणून नोंदली गेली आहे. ती तशी होतीही. पण तीच घटना गावकुसाबाहेरून वाचली की वेगळा प्रश्न उभा राहतो. मेलेल्या शरीराला हात लावण्याचे काम या देशात आधीपासून कोणाकडे होते?

गावातले मेलेले ढोर ओढून नेणे महाराकडे. कातडे कमावणे ढोर-चांभारांकडे. आतडे कुठे, काळीज कुठे, सांधा कुठून सुटतो, हे ज्या हातांना पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक होते ते हात अस्पृश्य ठरले. कित्येक गावांत बाळंतपण करणारी सुईण मांगीण असे. आडवे आलेले मूल तिने फिरवायचे, नाळ तिने कापायची, आणि ती गेल्यावर घरात गोमूत्र शिंपडायचे. हे सगळे शास्त्र होते असा माझा दावा नाही. त्यात अज्ञान होते, सक्ती होती, आणि माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेने लादलेली घाण होती. म्हणूनच बाबासाहेबांनी ती कामे सोडायला सांगितली. पण विटाळ हा कामात नव्हता, करणाऱ्याच्या जातीत होता, हे मात्र यातून लख्ख दिसते. आपण केले तेव्हा जे अमंगळ होते, तेच टेबलावर इंग्रजी पुस्तकासमोर, पदवी आणि पगारासह आले तेव्हा विद्या झाले.

आणि त्या विद्येच्या इमारतीत आपल्यालाही जागा मिळालीच. शवागारात प्रेत उचलणारा, वॉर्ड झाडणारा, बेडपॅन धुणारी, रक्ताचे कपडे नेणारा, हे सगळे आपलेच. एकाच इमारतीला दोन दारे होती. मागच्या दाराने जायला कोणतीही प्रवेशपरीक्षा नव्हती. तिथे जन्म हीच पात्रता होती.

२

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्याला जोडलेले होते. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. पुढे शूद्रांमधून डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखा माणूस वैद्यकात नावारूपाला आला आणि सत्यशोधक चळवळीत जोतीरावांच्या सोबत उभा राहिला. हे अपवाद महत्त्वाचे आहेत. पण अतिशूद्रांचे काय?

कॉलेजातले शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणजे इंग्रजी येणे ही पहिली अट. आता त्या इंग्रजी विद्येच्या वाटेवर, सरकारी शाळेच्या पायरीवर काय घडत होते ते पाहा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. त्याला प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. मुलाची बाजू तत्त्वतः न्याय्य आहे, पण एका मुलासाठी इतर सर्वांची नाराजी ओढवून शाळा ओस पाडता येणार नाही, असा सरकारच्या निर्णयाचा मथितार्थ होता. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत, असे विलायतेतील कंपनी सरकारने नंतर कळवलेही. पण कागदावरचे धोरण आणि ओसरीवरचा व्यवहार यांत पुढची कितीतरी वर्षे गेली.

मेडिकल कॉलेजच्या दारावर जातीची पाटी लावण्याची गरजच नव्हती, ती इथे आहे. ती पाटी कितीतरी मैल अलीकडे, गावातल्या शाळेच्या ओसरीवर लावलेली होती. जो पहिलीच्या वर्गात बसला नाही तो एनॅटमीच्या वर्गात कसा बसणार? पण इतिहासाच्या पुस्तकात मात्र 'कॉलेज सर्वांना खुले होते' असेच लिहिले जाते. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आणि सामाजिकदृष्ट्या साफ खोटे असलेले वाक्य आहे. आजच्या 'खुल्या स्पर्धे'चा हा पहिला अवतार. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले, तेव्हा वरच्या शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मूठभरांना मिळतो, हे दुखणे त्यांनी नेमके मांडले होते.

३

बाबासाहेबांनी हा प्रश्न आकड्यांच्या भाषेत आणला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई इलाख्याचे सरकारी आकडेच समोर ठेवले. लोकसंख्येच्या उतरंडीत जे खाली होते ते महाविद्यालयाच्या पटावर सर्वांत वर होते, आणि मागासवर्गीयांचा महाविद्यालयीन रकाना जवळजवळ कोरा होता. सरकार ज्याला उच्च शिक्षणाचा प्रसार म्हणत होते तो एका थराच्या आतल्या आत चाललेला प्रसार होता.

याहून महत्त्वाचा दस्तऐवज १९४२ सालचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात त्यांनी एक फार दूरदृष्टीचा भेद केला. कला आणि कायद्याचे शिक्षण आपली मुले कसेबसे घेऊ शकतील, पण विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण त्यांच्या ऐपतीच्या पलीकडचे आहे, आणि सत्तेच्या मोक्याच्या जागा तर त्याच शिक्षणातून मिळणार आहेत, असा तो युक्तिवाद. त्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही मागितल्या. या प्रयत्नांतून १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचे मिलिंद हा क्रमही याच विचाराचा भाग आहे.

आपल्याकडे यशस्वी डॉक्टरच्या सत्कारात त्याच्या जिद्दीचे, रॉकेलच्या दिव्याचे, आईने विकलेल्या मंगळसूत्राचे वर्णन होते. ते खरे असते. परंतु दिवा आणि जिद्द १९४४ पूर्वीही होतीच! रॉकेलच्या दिव्याखाली वाचणारी मुले तेव्हाही होती. त्यांचे डॉक्टर का झाले नाहीत? कारण वसतिगृह नव्हते, शिष्यवृत्ती नव्हती, राखीव जागा नव्हती. कोल्हापुरात १९०८ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याचे मोल इथे कळते. एका मुलाचा अर्ज यशस्वी होतो तेव्हा त्यामागे एक चळवळ यशस्वी झालेली असते. ती विसरून केवळ जिद्दीच्या कथा सांगणे म्हणजे न कळत शत्रूचाच युक्तिवाद बळकट करणे होय.

४

स्वातंत्र्यानंतरच्या घटनात्मक इतिहासात तर मेडिकलच्या प्रवेशाने भल्याभल्यांची झोप उडवली आहे. मद्रास प्रांतात जातवार वाटणीचा एक सरकारी हुकूम होता. दर चौदा जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती यांना मिळून एक आणि मुसलमानांना एक. प्रांतातल्या चार सरकारी मेडिकल कॉलेजांत मिळून ३३० जागा होत्या. या हुकुमाविरुद्ध चंपकम दोराईराजन या ब्राह्मण स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. तिने प्रत्यक्षात मेडिकलसाठी अर्जच केलेला नव्हता. केला असता तर आपल्याला जातीमुळे जागा मिळाली नसती, एवढे तिचे म्हणणे. उच्च न्यायालयाने १९५० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या एप्रिलमध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. हुकूम रद्द झाला.

इथे क्षणभर थांबून तुलना करावी. धारवाडच्या महार मुलाने अर्ज केला होता. त्याला न्याय मिळाला नाही, कारण एकासाठी सर्वांना दुखवता येत नव्हते. मद्रासच्या बाईंनी अर्जही केला नव्हता. त्यांना न्याय मिळाला, कारण एका व्यक्तीचा मूलभूत हक्क सर्वांच्या सोयीहून मोठा ठरला. मधल्या पंचाण्णव वर्षांत तत्त्व बदलले, हे चांगलेच झाले. पण तत्त्व बदलण्याचा मुहूर्त नेमका कोणाच्या सोयीने निघाला, हे पाहण्यासारखे आहे.

या निकालाविरुद्ध दक्षिणेत असंतोष उसळला आणि १९५१ च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. पंधराव्या अनुच्छेदाला चौथे कलम जोडले गेले. शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार त्याने निर्विवाद केला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. शिक्षणातील राखीव जागांचा घटनात्मक पाया असा मेडिकलच्या एका न केलेल्या अर्जाच्या निमित्ताने घातला गेला. पन्नास टक्क्यांची प्रसिद्ध मर्यादाही याच दारातून आली. म्हैसूर राज्याने मेडिकल व इंजिनिअरिंगच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या, तेव्हा बालाजी खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या आणि आरक्षण ढोबळमानाने पन्नास टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले. डॉक्टरकीची जागा ही या देशात केवळ शिक्षणाची जागा नाही. प्रतिष्ठेच्या वतनाची ती नवी सनद आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी एवढी लढाई आहे.

५

राखीव जागांचा कायदा झाला, तरी आत जाण्याची वाट मोकळी झाली नाही. काही काळ मुलाखतीचा उंबरठा होता. तामिळनाडूत मेडिकलच्या निवडीसाठी मुलाखतीला ७५ गुण ठेवले होते. तीन-चार मिनिटांच्या संभाषणात कोणाच्या बोलण्याला, कपड्याला, आडनावाला किती गुण पडत असतील याची कल्पना आपल्याला करता येते. पेरियाकरुप्पन खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर ताशेरे ओढले.

मग पैशाचा उंबरठा आला. १९८० नंतर महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विनाअनुदानित मेडिकल कॉलेजे उगवली. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्या वर्गाने तिथे देणगी भरून कमी गुणांवर जागा घेतल्या, तेव्हा पेशंटच्या जिवाची काळजी कोणी वाहिली नाही. मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली जे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते असे : कर्नाटकात सरकारी कोट्यातल्या जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि परराज्यातल्यांना ६०,००० पर्यंत. न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. तरी खाजगी संस्थांचा बाजार थांबला नाही. २००५ साली इनामदार खटल्यात खाजगी विनाअनुदानित संस्थांवर आरक्षण लादता येणार नाही असा निकाल आला, म्हणून त्याच वर्षी संसदेला त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करावी लागली. ही दुरुस्ती होऊनही अभिमत विद्यापीठांच्या मेडिकल जागांवर अनुसूचित जातींचे आरक्षण आजवर आलेले नाही. तिथे किमान पात्रता आणि कमाल पैसा असला की काम भागते.

महाराष्ट्रातल्या बौद्धांसाठी आणखी एक उंबरठा होता, आणि तो आपल्या पत्रिकांतूनही फारसा मांडला गेलेला नाही. १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, कायद्याने स्थापन झाली. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली. माणूस होण्यासाठी ज्यांनी धर्म बदलला ते केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचे उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात मात्र १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत, चौतीस वर्षे, ते दार बंद होते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहायचे की 'हिंदू महार', हा प्रश्न या काळात हजारो बापांना पडला. स्वाभिमान लिहिला तर जागा जाते आणि जागा धरली तर स्वाभिमान जातो. ज्यांनी पहिले लिहिले त्यांना दोष देता येत नाही आणि ज्यांनी दुसरे लिहिले त्यांनाही नाही. दोष असा पेच टाकणाऱ्या राज्याचा आहे.

६

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. ज्या काळ्या अमेरिकनांच्या लढ्यातून आपल्या पँथरने १९७२ साली नाव घेतले, त्यांनाही मेडिकल कॉलेजच्या दाराने असेच छळले. यादवी युद्धानंतर काळ्यांसाठी हॉवर्ड (१८६८) आणि मेहॅरी (१८७६) यांसारखी मेडिकल कॉलेजे निघाली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल आला. दर्जा उंचावणे हा त्याचा हेतू. त्याचा परिणाम असा की काळ्यांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच पुढे बंद पडली. उरली ती हीच दोन. दर्जा उंचावला, पण तो पेलण्याइतका पैसा ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे दारच गेले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील मेडिकल कॉलेज १९६८ साली उघडले. त्याच्या पहिल्या तुकडीत एकही काळा विद्यार्थी नव्हता. म्हणून पुढे १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याकांसाठी बाजूला ठेवण्यात आल्या. १९७३ आणि १९७४ साली प्रवेश नाकारला गेलेला ॲलन बाकी हा गोरा उमेदवार न्यायालयात गेला. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठराविक जागा राखणे रद्द केले, बाकीला प्रवेश द्यायला लावला, मात्र निवडीत वंशाचा विचार अन्य बाबींबरोबर करायला मोकळीक ठेवली. त्या न्यायालयातले एकमेव काळे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या स्वतंत्र मतात गुलामगिरीपासूनचा सगळा इतिहास मांडला. तो काढून टाकला तर समतेचा अर्थच लागत नाही, हा त्याचा गाभा. पुढे २०२३ साली उरलेली मोकळीकही त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. तिथेही उंबरठा सरकला. भाषा तीच होती, व्यक्तीच्या गुणवत्तेची.

७

आपल्याकडे १९८० नंतर गुणवत्तेच्या या भाषेला रस्त्यावरची धार आली. १९८१ च्या सुरुवातीस अहमदाबादच्या मेडिकल कॉलेजातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झाले आणि पाहता पाहता त्याचे रूपांतर दलित वस्त्यांवरच्या हल्ल्यांत झाले. मूठभर पदव्युत्तर जागांसाठी गिरणी कामगारांच्या चाळी पेटल्या. ज्यांच्या घरात कोणी मॅट्रिकही नव्हता त्यांनी भावी डॉक्टरांच्या गुणवत्तेची किंमत मोजली.

त्यानंतर माप पुन्हा बदलले. बारावीच्या गुणांची जागा प्रवेशपरीक्षांनी घेतली. १९८८ पासून अखिल भारतीय कोट्यासाठी एक परीक्षा आली. त्या कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला २००७ उजाडले, आणि इतर मागासवर्गीयांना तर २०२१. 'नीट' २०१३ साली आली, न्यायालयाने रद्द केली, २०१६ पासून पुन्हा लागू झाली. आता १८० प्रश्न, ७२० गुण, चुकल्यास एक गुण वजा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर.

एकच परीक्षा, सर्वांना सारखा पेपर. यात अन्याय कुठे आहे? याचे उत्तर तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्याच्या अनिता या दलित मुलीच्या गुणपत्रिकेत आहे. हमालाच्या या मुलीला बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते. जुन्या मापाने तिची जागा निश्चित होती. नव्या मापाने, नीटमध्ये, तिला ८६ गुण पडले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती लढली आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिने आयुष्य संपवले. एकाच मुलीची गुणवत्ता एका वर्षात कुठे गेली? ती कुठेच गेली नव्हती. माप बदलले होते. नवे माप राज्याच्या पाठ्यपुस्तकाऐवजी दुसऱ्या अभ्यासक्रमावर आणि शिकवणी वर्गाच्या सरावावर बेतलेले होते. नंतर न्या. ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की नीटमुळे त्या राज्यात तामिळ माध्यमाच्या, ग्रामीण आणि सरकारी शाळांतल्या मुलांचा वाटा घटला. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी तामिळनाडूला २०२० साली साडेसात टक्के जागा वेगळ्या राखाव्या लागल्या, त्या यामुळेच.

आपल्याकडे लातूरचे किंवा कोट्याचे दोन वर्षांचे शुल्क, खोलीभाडे आणि खाणावळ यांचा हिशेब मांडा, आणि तो ऊसतोड मजुराच्या उचलीशेजारी ठेवा. गुणांचा फरक हा पुष्कळदा या दोन रकमांमधला फरक असतो. २०२४ साली हजारीबाग व पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. परीक्षा मात्र रद्द केली नाही. पैसेवाल्यांना मापच विकत घेता येते, हेही त्या वर्षी दिसले. २०२२ साली नील नुनेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्पर्धापरीक्षेतील गुण हे सामाजिक व आर्थिक लाभ दाखवत नाहीत, आणि गुणवत्तेची व्याख्या केवळ गुणांत बसवता येत नाही. आपण हे कधीपासून म्हणत होतो. न्यायालयाच्या तोंडून ते यायला चंपकमपासून सत्तर वर्षे लागली.

आता त्या पंगतीतल्या वाक्याला उत्तर. सवलत असते ती आत येण्यापुरती. आत आल्यावर शरीररचनेचा पेपर सर्वांना एक, उत्तीर्ण होण्याची अट एक, पदवी एक. पेशंटला सुई टोचतो तो डॉक्टर ही शेवटची परीक्षा पास झालेला असतो. पहिल्या परीक्षेच्या गुणांनी कोणी कोणाला टाके घालत नाही.

८

प्रवेश मिळाला म्हणजे उंबरठे संपले, असे मात्र नाही. मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. आमच्याच कॉलेजच्या विज्ञान शाखेतली मुले निकालानंतर कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, कारण त्यांच्या घरात कागद वाचणारे कोणी नसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि सर्वांत अवघड ते जातवैधता प्रमाणपत्र. त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याने आजोबाच्या शाळेचा दाखला आणायचा. मग तहसिलात कोतवालबुकातली जीर्ण नोंद शोधा, मोडीचा जाणकार शोधा. हा सारा व्याप का आला? खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लुबाडणाऱ्यांमुळे. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली, ती वैद्यकीय प्रवेशासाठी घेतलेल्या महादेव कोळी जातीच्या खोट्या दाखल्यावरूनच. चोरी इतरांनी केली आणि झडती आपली होते. तरी पडताळणी हवीच, हेही खरे. ती वेळेत व्हावी आणि मुलीचा प्रवेश कागदावाचून जाऊ नये, एवढीच मागणी आहे.

आणि कॉलेजच्या आत? एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहातले अलगीकरण, अंतर्गत मूल्यमापनातला दुजाभाव, शिक्षकांची वागणूक, हे सारे त्यात नोंदलेले आहे. मुंबईत २०१९ साली पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने पदव्युत्तर शिक्षण घेत असताना जीव दिला. वरिष्ठांच्या छळाचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. दार उघडले तरी खोलीतली हवा जुनीच राहू शकते, हे ओळखल्याशिवाय आपली लढाई पुरी होत नाही.

९

या सगळ्या इतिहासातून आपण काय घ्यायचे? एक म्हणजे, आपल्या मुलांच्या मनातली अपराधी भावना काढून टाकायची. राखीव जागेवरून आत गेलेला मुलगा वर्गात मान खाली घालून बसतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून ऐकतो. त्याला सांगितले पाहिजे की तू कोणाच्या ताटातले उचललेले नाहीस. शतकभर जे दार तुझ्यासाठी बंद ठेवले होते त्याची किल्ली तुझ्या पूर्वजांनी लढून घेतली आहे. तू त्या दाराने ताठ मानेने जा, आणि अभ्यास असा कर की तुझ्या हातचा रुग्ण बरा होईल. विद्येत कसूर करण्याची मुभा आपल्याला नाही. पण ही कोणी घातलेली अट म्हणून नव्हे. ज्या वस्तीत रात्री डॉक्टर येत नाही ती आपलीच वस्ती आहे, म्हणून.

दुसरे म्हणजे, उंबरठा पुन्हा सरकणार आहे, हे गृहीत धरायचे. बाबासाहेबांनी १९४२ साली शिष्यवृत्ती मागितली, कारण तेव्हाचा उंबरठा पैशाचा आणि विज्ञानशिक्षणाचा होता. आजचा उंबरठा शिकवणीचा, कागदांचा आणि माहितीचा आहे. मग आजची चळवळ कुठे उभी राहिली पाहिजे? आपल्या जयंती मंडळांच्या वर्गणीतला किती पैसा विज्ञानाच्या अभ्यासिकेकडे जातो? समाजकल्याणच्या वसतिगृहात जीवशास्त्र शिकवणारा कोणी संध्याकाळी येतो का? आपल्यातून डॉक्टर झालेले किती जण आठवड्यातून एकदा दहावीच्या मुलांसमोर बसतात? आणि अभिमत विद्यापीठांतल्या जागांसाठी आपल्या कोणत्या पक्षाने मोर्चा काढला? हे प्रश्न कटू आहेत, पण ते आपणच आपल्याला विचारायचे आहेत.

धारवाडच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, इतिहासाला ठाऊक नाही. त्याचा अर्ज तेवढा दप्तरात राहिला. पण तो केला गेला होता, म्हणून आज आपल्याला सांगता येते की नाकारणारे कोण होते. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक लायक मुलाचा आणि मुलीचा अर्ज वेळेत, पुऱ्या कागदांनिशी भरला जाईल एवढे येत्या वर्षी आपण केले, तर उंबरठा सरकवणाऱ्यांना निदान तो लपूनछपून सरकवता येणार नाही.